शिशाची धूळ

"तिथंच थांब! पोरीला हात लावशील तर याद राख!"

सासूनं दारात काठी आडवी धरली आणि सून जागच्या जागी थबकली. दिवसभर बॅटऱ्या फोडून आलेली, अंगावर राखाडी धूळ, डोळे खोल गेलेले. आत तीन वर्षांची चिमणी आईला बघून हात पसरून रडत होती, आणि म्हातारी मायलेकींच्या मधे उभी.

शेजारणी कुंपणाला टेकल्या. "सासू ती सासूच," एक पुटपुटली. "सुनेची कमाई चालते, सून चालत नाही."

म्हातारीनं ते ऐकलं आणि सोडून दिलं. "मागं पाणी काढून ठेवलंय. डोक्यावरून अंघोळ कर. हे कपडे तिथल्या पिंपात टाक, घरात आणू नकोस. मग घे पोरीला, हवी तेवढी घे."

"आत्याबाई, झालंय तरी काय?"

"काय व्हायचं राहिलंय, ते विचार."

गावाबाहेर, ओढ्याच्या वरच्या अंगाला, पत्र्याचं एक आवार होतं. तिथं जुन्या बॅटऱ्यांचे ढीग यायचे. बायका त्या फोडून आतल्या पट्ट्या काढायच्या, पुरुष भट्टीत त्यांचं शिसं वितळवायचे. म्हातारीच्या लेकानं सहा वर्षं भट्टी राखली. आधी त्याचं पोट धरलं. कळ आली की बैलासारखा धिप्पाड गडी जमिनीवर लोळायचा. मग उजवं मनगट लुळं पडलं. हात पुढं केला की पंजा मोडक्या फांदीसारखा खाली लोंबायचा. कुणी म्हणालं वारं गेलं, कुणी म्हणालं दृष्ट लागली. चूल तर पेटायला हवी, म्हणून त्याच्या जागी सून गेली.

वर्ष सरायच्या आत चिमणी वाळायला लागली. पोटात दुखायचं, खाल्लेलं उलटायचं. बोबडी का होईना, दिवसभर चिवचिवणारी पोर; आता शब्द तिच्या ओठांपर्यंत यायचे आणि तिथंच विरायचे. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासायला पाठवलं होतं. त्याचं उत्तर आज आलं, आणि सून कामावर होती म्हणून म्हातारी गेली.

"आजी, हिच्या रक्तात शिसं आहे. घरात कुणी ते काम करतं?"

"आधी लेक, आता सून. पण पोर कधी तिकडं फिरकली नाही, बाई."

"ती गेली नाही, शिसंच घरी आलं. कपड्यांतून, केसांतून. आई आल्या आल्या तिला उराशी धरते ना?"

म्हातारीला जुने दिवस आठवले. लेकाचा सदरा रोज कोण झटकायचं? तीच. कुठं? अंथरुणाशेजारी.

न्हाऊन आलेल्या सुनेला तिनं हे सगळं सांगितलं. सून भुईवर बसली. "म्हणजे मीच माझ्या हातानं..."

"तू नाही गं, पोरी. तुला कुणी सांगितलं होतं का? ज्यांनी सांगायचं होतं, त्यांनी तोंडाला कुलूप घातलं."

सकाळी दोघी आवारात गेल्या. मुकादम खुर्चीत बसला होता. म्हातारीनं विचारलं, "हात धुवायला नळ नाही, कपडे बदलायला आडोसा नाही. बायका त्याच हातांनी डबा खातात. हे कसं चालायचं?"

"रोज दूध पीत जा म्हणावं," तो हसला. "सगळं धुऊन निघतं."

"वा रे शहाण्या! रोग म्हशीला आणि औषध पखालीला!" म्हातारीनं पिंपातले कपडे पिशवीत भरून आणले होते. ते तिनं त्याच्यापुढं धरले. "एवढी साधी धूळ असेल तर हे घरी ने. आज तुझ्या लेकराच्या अंगावर पांघरूण म्हणून घाल."

मुकादम खुर्ची सरकवून मागं झाला.

सुनेचं लक्ष त्याच्या मागच्या खुंटीकडं गेलं. तिथं धुतलेला, घडी न मोडलेला सदरा होता. ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मुकादम, घरी जाताना तुम्ही रोज कपडे का बदलता?"

त्यानं हात मागं नेऊन सदरा झाकला. तेवढं पुरे झालं. एकीचा हातोडा थांबला, मग दुसरीचा. भट्टीवरच्या गड्यांनी फावडी टेकली.

चार दिवस भट्टी थंड राहिली. पाचव्या दिवशी नळ आला, साबण आला, कपडे बदलायला पत्र्याच्या दोन खोल्या उभ्या राहिल्या. झाडायच्या आधी जमिनीवर पाणी मारायचं ठरलं आणि डबे आवाराबाहेर, झाडाखाली गेले. नाकातोंडावर बांधायचे मास्क मात्र पुन्हा पुन्हा मागूनही आले नाहीत.

तीन महिन्यांनी चिमणीच्या रक्तातलं शिसं निम्म्यानं उतरलं. म्हातारीनं डॉक्टरीणबाईंना विचारलं, "आता पहिल्यासारखी होईल ना?"

बाईंनी कागद खाली ठेवला. "आजी, पुढचं नुकसान थांबेल. झालेलं सगळंच भरून येईल, असं मी नाही सांगू शकत."

म्हातारी पोरीला कडेवर घेऊन घरी आली. त्या रात्री जेवली नाही. दुसऱ्या दिवसापासून काम सुटायच्या वेळेला ती आवाराच्या फाटकात पाय पसरून बसायला लागली. कुणी सांगितलं नव्हतं.

एकदा भट्टीवरचा एक नवा गडी न धुताच घाईनं निघाला. "मावशी, आज सोड. घरी पाहुणे आलेत."

"लेकरू केवढंय तुझं?"

"आता रांगतंय."

म्हातारीनं पाय आखडले नाहीत, वाट सोडली नाही. "मग जा मागं. केससुद्धा धू."

गडी क्षणभर घुटमळला, चरफडला आणि नळाकडं वळला.