सीताफळाबरोबर फुकट

पाटोद्याच्या आठवडी बाजारात, तहसील कचेरीच्या भिंतीला लागून ख्वाजा सीताफळांच्या पाट्या मांडून बसे. फळं डोंगरातली, साखरेसारखी. पण गिऱ्हाईक यायचं ते त्याचं बोलणं ऐकायला. फळांबरोबर एखादं वाक्य तो फुकट देई. "चूक कबूल करायला माणूस कधीबी तयार असतो, फक्त ती शेजाऱ्याची पाहिजे," असं म्हणून तो पुढच्याकडे वळे. "माणूस दुसऱ्याचं ऐकून घेतो काहून? आपली पाळी लवकर यावी म्हणून!"

लोक माना डोलवत. निजाम सरकारचे कचेरीतले जवानही उन्हात उभं राहून ऐकत. ख्वाजाची छाती फुगे. शेजारी फळं निवडत बसलेली त्याची बायको मदिनाबी तेवढी म्हणे, "जीभ आवरा. एखाद्या दिवशी खरंच कुणीतरी ऐकंल."

कार्तिकातल्या एका बाजारी सुंदरराव पाटील आले आणि एकेक सीताफळ अंगठ्याने दाबून बघू लागले. एक झालं, दोन झाली, अर्धी पाटी झाली. मागे बद्रीनाथ नावाचा शेतकरी ताटकळत उभा. ख्वाजाचा जीव तुटत होता, पण पाटलाला हात धरून थांबवणार कोण? त्याने रागाला जरा गूळ लावला.

"पाटील, दाबून बघितलं की फळाचं कमी कळतं, आपली घाईच जास्त कळते."

पाटलांचा अंगठा थांबला. हाताला लागली ती फळं घेऊन ते तंद्रीतच निघाले. बद्रीनाथही विचारात पडून निघून गेला. फळं वाचली म्हणून ख्वाजा खूश.

पुढच्या बाजारी पाटील आले ते गुलाबी फेटा घेऊन.

"ख्वाजाभाई, पोरीच्या सोयरिकीसाठी मी चौसाळ्याच्या पाहुण्यांच्या लई मागं लागलो होतो. रोज निरोप! तुमचं ऐकलं अन् गप बसलो. चौथ्या दिवशी तेच दारात आले. सुपारी फुटली!"

त्यांनी भर बाजारात ख्वाजाला फेटा बांधला. लोक वाहवा करत असतानाच गर्दीतून बद्रीनाथ घुसला. हातात कासरा, कासऱ्याला पांढरा बैल, तोंड घामेजलेलं.

"ही बघ तुझी अक्कल! बैल घेत होतो. दात बघणार, चालवून बघणार, तेवढ्यात तुझं बोलणं आठवलं. म्हणलं, घाई दिसायची. न बघताच घेतला. पेरणीला जुंपला तर चार तासं ओढली की वावरातच बसतो बे!"

ख्वाजाने हात जोडले. "अल्ला की कसम, मी फळाबद्दल बोललो होतो! पाटील दाबून दाबून फळं नासवत होते."

पाटलांचा चेहरा पडला. ते वाक्य त्यांनी आठ गावांत सांगितलं होतं. पण क्षणभरातच ते हसले. "बघा! मोठा माणूस असाच असतो. मोठेपणा स्वतःकडं घेतच न्हाई."

"फळाबद्दल बोलायचं तर फळाचं नाव घ्यावं!" बद्रीनाथ गरजला.

"घेतलं होतं की! फळच म्हणलो होतो!"

"शहाण्या माणसाच्या तोंडात फळ म्हणजे फळ असतं व्हय?"

लोकांना हे पटलं. ख्वाजाला रडू यायचं बाकी राहिलं. दहा वर्षं आपल्या बोलण्यात लोकांना काही अर्थ दिसावा म्हणून तो धडपडला, आणि आज तो अर्थ कुणी परत घेईना.

मदिनाबी मात्र बैलाकडे बघत होती. ती नालबंदाची लेक. हात पुसत ती उठली.

"डावा पाय टेकत न्हाई ह्यो. खूर बघितला का कुणी?"

कुणीच बघितला नव्हता. तिने बैलाला चुचकारलं, पाय गुडघ्यावर घेतला आणि नवऱ्याच्या चाकूच्या टोकाने खुराच्या बेचक्यातून बोटभर बाभळीचा काटा ओढून काढला. बैलाने अंग झाडलं. मग पाय टेकवला, तो चांगला रोवून.

"हळद-तेल लावा. आठ दिवस जुंपू नका."

बद्रीनाथ खाली मान घालून बैलाच्या पाठीवर हात फिरवत राहिला. आता ही बाई काय बोलते म्हणून जवानही दोन पावलं पुढे आले. शेवटी पाटलांनीच अदबीने विचारलं, "भाभी, ह्यातून माणसानं काय घ्यायचं?"

"सीताफळं घ्या," मदिनाबी म्हणाली. "उद्यापस्तोर टिकायची न्हाईत."

पाटलांनी निम्मी पाटी घेतली, उरलेली लोकांनी. कुणी एकही फळ दाबून बघितलं नाही.

दिवस कलला तशी दोघं घराकडे निघाली. फेटा डोक्यावर मिरवत ख्वाजा ओढ्यापर्यंत मुकाट चालला. मग न राहवून त्याने विचारलं, "मी आता बोलायचं बंदच करू का गं?"

"बोला की. पण आधी ह्या पाट्या घ्या, माझी मान आखडली."

रिकाम्या पाट्या त्याने एकात एक घालून डोक्यावर घेतल्या. चुंबळीची गरज पडली नाही. फेटा चांगला जाड होता.