अकरा नंबरची चिठ्ठी

जयसिंगनं हिरव्या साडीची घडी एका झटक्यात मोडली, निऱ्या घालून कमरेच्या पट्ट्यात खोवल्या आणि पदर स्वतःच्याच खांद्यावरून मागं सोडला. एकोणपन्नास वर्षांचा, जाड मिशांचा, खिशाला पेन अडकवलेला गडी. पण साडी अंगावर घेतली की गिऱ्हाइकाला त्याच्या मिशा दिसेनाशा होत, काठ तेवढे दिसत. बावीस वर्षं तो याच करामतीवर भाकरी खात होता.

"बघा दादा, काठ कसा उठून दिसतोय. घरची लक्ष्मी नेसली तर आळीत चर्चा व्हईल."

समोरचा माणूस साठीच्या घरातला होता. टोपी डोक्यावर नव्हती, हातात चुरगळलेली होती. दोनदा बसा म्हटलं तरी तो स्टुलावर टेकला नव्हता. साडीला त्यानं हात लावला नाही, भावही विचारला नाही.

"हीच द्या," तो म्हणाला.

ती चारशेची होती. चारशेनं जयसिंगचं काम भागणार नव्हतं. त्यानं वरच्या फळीला हात घातला.

दौंडच्या पेठेतल्या या तीन मजली दुकानात जुने शेठ होते तोवर पगार बांधलेला असे. थोडा होता, पण एक तारखेला हातात पडायचा. शेठ गेले, मुलगा सुमित पुण्याहून शिकून आला आणि दुकानात लिफ्ट, एसी आणि टार्गेट ही तिन्ही एकदमच आली. पगार निम्म्यावर आला. उरलेला निम्मा ज्यानं त्यानं आपल्या विक्रीतून काढायचा. प्रत्येकाला नंबर मिळाला. माल विकला की चिठ्ठीवर आपला नंबर टाकायचा. त्या नंबरांची बेरीज रोज सकाळी जिन्याजवळच्या फळ्यावर लागे. गणपतीतच सुमितनं सांगून टाकलं होतं, की या महिन्यात जो सगळ्यात खाली असेल त्यानं एक तारखेपासून यायचं नाही.

आणि महिना कोणता, तर भादवा. निम्मा महिना पितृपंधरवड्यात गेलेला. त्या पंधरा दिवसांत नवं कापड घेणारा माणूस अख्ख्या तालुक्यात सापडत नाही, हे जयसिंगनं सुमितला समजावून पाहिलं. पुण्यात लोक घेतात, मामा, असं उत्तर आलं. गाढवापुढं गीता वाचून जयसिंग पुन्हा घड्या घालायला लागला.

आज तीस तारीख होती. फळ्यावर तळाला जयसिंग होता आणि त्याच्या डोक्यावर सिंधूबाई, साडेसहाशेनं वर. बारा वर्षं दोघं याच साडीच्या मजल्यावर होते. ती वरवंडहून जीपनं यायची. नवरा छातीच्या दुखण्यानं घरी बसलेला, दोन पोरं शाळेत. जिन्यात बसून दोघं एकमेकांच्या डब्यातली भाजी खायचे. फळा लागल्यापासून डबे वेगळे झाले होते. कुणी भांडलं नव्हतं; पण समोर बसून घास उतरेना, एवढं खरं.

खरं तर या गिऱ्हाइकाची पाळीही तिचीच होती. माणूस जिना चढून आला आणि हिरवी साडी पाहिजे म्हणाला, तशी ती खाली वाकली आणि तळचा खण उघडू लागली. तेवढ्यात जयसिंगनं, "इकडं या दादा, हिकडं नवा माल हाय," म्हणून त्याला ओढलं होतं. सिंधूबाईनं मान वर करून एकदा पाहिलं आणि खण पुन्हा लावून टाकला. वाकून काय शोधत बसली, धंदा असा होतो व्हय, असं जयसिंग मनात म्हणाला. असं म्हटलं की पाळी हिसकावल्याचं फारसं लागत नव्हतं.

वरच्या फळीवरची साडी एकवीसशेची होती. गर्द हिरवी, पदरावर मोर. जयसिंगनं ती अंगावर चढवली, एक गिरकी घेतली आणि आरशासमोर उभा राहिला. आज त्याच्या जिभेवर सरस्वती बसली होती. माणूस बराच वेळ पदराकडं बघत राहिला.

"ही द्या मंग."

जयसिंगचा जीव भांड्यात पडला. पदर खांद्यावर तसाच ठेवून त्यानं चिठ्ठी ओढली, किंमत लिहिली आणि खाली आपला नंबर, अकरा, ठसठशीत काढला.

"फॉल लावून ठिवतो. परवा न्या."

"न्हाई लागत."

"मंग ब्लाऊजपीस तेवढा कापून—"

"शिवायचं न्हाई काय. तशीच द्या." माणसानं टोपी उलगडली, पुन्हा मिटली. "गाडी दवाखान्यापाशी उभी हाय. दिवस मावळायच्या आत तिला पाटसला न्यायचीय. पाव्हणं खोळंबल्यात."

जयसिंगचा हात चिठ्ठीवरच राहिला. पितृपंधरवड्यात हिरवी साडी. उभा राहिलेला माणूस. भाव न विचारणारा माणूस. दुकानात काल आलेल्या नोकरालाही जे कळलं असतं, ते त्याला बावीस वर्षांनंतर कळलं नव्हतं. सवाष्ण गेली की हिरवं लुगडं नेसवून पाठवायची. त्यासाठी आलेल्याला साडी उलगडून दाखवायची नाही, अंगावर तर घ्यायचीच नाही. साधी, घडीची, खरेदीच्या भावानं गुपचूप हातात द्यायची. जुन्या शेठची ती रीतच होती. नंबर आले तेव्हा त्या चिठ्ठीवर नंबर टाकायचा नाही, हे जुन्या माणसांनी आपसांत ठरवलं. सरणाच्या लुगड्यावर कमिशन कोण खाणार? श्रावणात सिंधूबाईनं नंबरची जागा मोकळी सोडलेली जयसिंगनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती.

त्यानं घाईघाईनं पदर खाली ओढला. खांदा भाजल्यासारखा झाला.

"माफी करा, दादा. अंगावर घ्याया नको हुती."

"असू द्या." माणूस साडीकडंच बघत होता. "तिला कवा दुकानात आणलीच न्हाई म्या. मी आणायचो ती नेसायची. तुम्ही दावाया लागला, तवा म्हटलं, दावू द्या."

जयसिंगला त्याच्याकडं बघवेना. चिठ्ठ्यांचं पुस्तक हाताशीच होतं. ही फाडायची, दुसरी लिहायची, चारशेची नाहीतर एकवीसशेची, पण खाली कोरी. अर्ध्या मिनिटाचं काम. त्यानं साडीची घडी घातली. एकदा घातली, नीट बसली नाही म्हणून पुन्हा घातली. मग साडीवर तीच चिठ्ठी ठेवली आणि दोन्ही माणसाच्या हातात दिलं.

"पैसे खाली द्या. गल्ल्यावर."

माणूस जिना उतरून गेला. सिंधूबाई पलीकडं उघड्या पडलेल्या साड्यांच्या घड्या घालत होती. त्यानं मोडलेल्या, तिनं घातलेल्या.

"तुम्हाला कळलं हुतं?" जयसिंगनं विचारलं.

"जिन्याखाली चपला काढल्या त्यांनी, मयताघरचं माणूस काढतं तशा. तवाच."

"मग सांगायचं की मला."

तिनं हातातली घडी पुरी केली, फळीवर ठेवली आणि तळहातानं दाबून सारखी केली.

"सांगितलं असतं तर नंबर टाकला नसता का, भाऊ?"

जयसिंग खिशातलं पेन नीट लावत बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी फळा लागला. तळाला सिंधूबाईचं नाव होतं. शेवटच्या दिवशी बाजी मारलीत मामा, म्हणत सुमितनं जयसिंगच्या पाठीवर थाप दिली. सिंधूबाई रडली नाही, की सुमितच्या केबिनपाशी गेली नाही. वर येऊन तिनं आपला जादा डबा आणि आरशामागं ठेवलेला कंगवा पिशवीत टाकला. जिन्याशी जाऊन ती थांबली.

"तळच्या खणात तीन हायेत अजून," ती म्हणाली. "आता तुम्हालाच द्याव्या लागतील."

ती उतरून गेल्यावर जयसिंगनं खण उघडला. साध्या हिरव्या तीन साड्या कागदात गुंडाळून ठेवलेल्या होत्या. माणसं खोळंबलेली असतात, त्यांना उभं करू नये म्हणून, प्रत्येकीवर चिठ्ठी आधीच लिहून टाचणीनं लावलेली. सिंधूबाईचं बारीक, गोल अक्षर. खरेदीची किंमत घातलेली, आणि खाली नंबरची जागा कोरी.

जयसिंगनं खिशातलं पेन काढलं, पुन्हा खिशाला लावलं. जिन्यात पावलं वाजली तसा त्यानं खण लोटला आणि खांदा झटकून उभा राहिला.