सिमेंटखालची आई

माळावर सकाळपासून बायकांची रांग लागली होती. कुणाच्या कमरेवर कळशी, कुणाच्या डोक्यावर हंडा. रांगेच्या टोकाला, धावपट्टीच्या कडेला, शेंदूर फासलेलं वीतभर भोक होतं. घागरी रिकाम्या होत होत्या, पण भोक काही भरत नव्हतं.

"मरीआई पिती हाय," गावात नव्यानं उतरलेले विरूपाक्ष महाराज सांगत होते. "चाळीस वर्सं तहानली. पोट भरलं की ढेकर देईल. तो ढेकर म्हंजेच पाऊस."

"आमच्या म्हशीपरीस लई पोट दिसतंय आईचं," केरबा मागून म्हणाला. बायकोनं त्याला कोपर मारलं आणि आपली घागर ओतली.

मला हसू आलं, पण उघड हसायचं धाडस माझ्यात नाही. पुस्तकं वाचून माणूस शहाणा होतो की नुसता भित्रा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

लोक भुलले त्याला कारण होतं. दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांना शिकवण्यासाठी इथं धावपट्टी बांधली, तेव्हा निजाम सरकारनं माळ घेतला आणि मरीआईचं देऊळ सिमेंटखाली गेलं. पुढं एक शिकाऊ गोरा पोरगा विमानासकट बाभळीत पडून मेला. युद्ध संपलं, विमानं गेली, छपरांचे पत्रे लोकांनी नेले. देवीला गाडल्याची खंत तेवढी गावात राहिली. महाराजांना नेमकी तीच सापडली.

त्यात दुष्काळ, आणि लातूर जिल्हा नुकताच वेगळा झालेला. टँकर मागायला उस्मानाबादला गेलं की म्हणत, "तुम्ही आता लातूरचे." लातूरला म्हणत, "तुमची फाईल अजून आली नाही."

केवळाबाईचा दीड वर्षाचा नातू मारोती जुलाबानं सुकून गेला होता. उपकेंद्राच्या नर्स पंचशीलाबाईंनी उकळलेल्या पाण्यात मीठ-साखर घालून तांब्या भरून दिला होता. तोच तांब्या दुपारी मला रांगेत दिसला.

"केवळाबाई, हे लेकराचं ना?"

"आई पिली की लेकरू बी पितंय, काका. महाराज म्हणले." तिनं तांब्या ओतला.

मी पंचशीलाबाईंना सांगायला गेलो. त्या धावतच केवळाबाईच्या घरी आल्या. पोरगं निपचित पडलेलं. रांजण उलटा. घरात थेंब नव्हता, शेजारीही नव्हता. सगळं पाणी आईला गेलेलं.

"त्या भोकाखाली नळी असावी," मी चाचरत म्हणालो. "लहानपणी मी मजुरांना मोठ्या नळ्या पुरताना पाहिलंय. पावसाचं पाणी काढायला. पण नक्की आठवतं असं नाही."

"आठवायला कशाला पायजे? बघून येऊ."

विहिरीत टाकायची जांभळी पूड त्यांनी सोबत घेतली. माळावर लेकरासाठी पाणी मागितलं, तर आईचं पाणी म्हणून कुणी देईना. मग रांगेतल्या एका बाईच्या घागरीत त्यांनी ती पूड कालवली आणि घागर भोकात रिकामी केली. मग सरळ बाभळीकडं चालू लागल्या.

"नर्सबाई, तिकडं गोऱ्याचं भूत हाय," महाराज ओरडले.

"असू द्या. त्याला बी तहान लागली असंल."

बायका मागोमाग आल्या. बाभळीआड लष्कराचा जुना हौद होता, काठोकाठ भरलेला. भिंतीतल्या नळीतून जांभळं पाणी त्यात पडत होतं. काठावर उदगीरच्या एका पाणी विकणाऱ्या ठेकेदाराचा टँकर, आधीच भरून उभा. केरबा खाली बसला. गडबडीत महाराज कुणाच्या तरी मोटरसायकलवरून निघून गेले.

पंचशीलाबाईंनी टँकरची तोटी उघडून कळशी भरली, घरी पाणी उकळलं, निववलं, चमच्यानं पाजलं. पोराला गिळता येईना. जीपनं उदगीरला नेताना वाटेतच गेलं.

तिसऱ्या दिवशी केवळाबाईनं विचारलं, "काका, तो तांब्या त्याला पाजला असता, तर?"

मी पंचशीलाबाईंकडं पाहिलं. त्या तिच्याजवळ बसल्या. "वाचला असता का, मला सांगता येत न्हाई, मावशी. पण ओतायला ज्यानं सांगितलं, दोष त्याचा हाय."

देव आहे की नाही, यावर बोलण्याइतकी माझी विद्या नाही. पण देव पाणी मागतो असं कुणी सांगितलं, तर आधी आपल्या घरात कोण तहानलंय ते बघा. मग ते पाणी जातं कुठं, ते स्वतः चालत जाऊन बघा. आमच्या माळावर ते अंतर हाकेएवढं होतं. आम्ही वेळेवर कुणीच गेलो नाही.