पोस्टर पाहावे

अमेरिकेत, एडिसनमधल्या आमच्या रविवारच्या मराठी शाळेत प्रवेशाची सूचना वेबसाइटवर पोस्टर म्हणून लागते. वर तोरण, मध्ये समितीचे नऊ फोटो, खाली जागा उरलीच तर तारीख.

एकनाथ बोरकरला दिसत नाही. स्क्रीनवरचं त्याला फोन वाचून दाखवतो. सहा वर्षांच्या मुलीला, आरोहीला, नागपूरच्या आजीशी मराठीत बोलता यावं म्हणून पहिलीत घालायचं होतं. त्यानं अध्यक्ष वीणाकाकूंना फोन केला.

"काकू, तुमच्या सूचनेवर माझा फोन नुसतं 'इमेज' म्हणून गप्प बसतो. फॉर्म कधीपर्यंत भरायचा?"

"अरे, लिहिलंय की! चांगलं ठळक, लाल अक्षरात."

"असेल. मला दिसत नाही."

काकूंना फार वाईट वाटलं. त्यांनी ताबडतोब मीटिंग बोलावली. तारीख फोनवरच सांगून टाकावी असं कुणाला सुचलं नाही. आमची कामं पद्धतशीर होतात.

"चित्रामागे दोन ओळी टाइप करायच्या, फोन त्या वाचतो," आयटीतला परीक्षित म्हणाला. "पाच मिनिटांचं काम."

तीन रविवार लागले.

"दोन ओळींत नऊ जण बसवणार कसे?"

"माझं नाव संजयच्या नंतर का? मी फाउंडर मेंबर आहे!" नरेंद्रकाका.

"फोटोतली माझी पैठणी हिरवी नाही, मोरपंखी लिही," काकू म्हणाल्या.

"काकू, ज्याला दिसत नाही त्याला रंग कशाला?"

"दिसणाऱ्यांनी तरी कुठे बघितला?"

शेवटी चारशे शब्द अपलोड झाले. एकनाथनं आरोहीला शेजारी बसवून ते ऐकले. नावं, पदं, पैठणी, तोरण. शेवटची ओळ होती: 'तारखेसाठी पोस्टर पाहावे.'

त्यानं पुन्हा फोन लावला.

"तारीख गेल्या रविवारीच गेली रे," काकू हळहळल्या. "पहिली फुल झाली. पण वेबसाइट आवडली ना?"

"तारीख सापडेल म्हणून दहादा ऐकली, काकू. आरोहीला तर नऊही नावं पाठ झाली."

"पदांसकट?" काकूंनी विचारलं.

"पदांसकट."

"क्रमानं?"

"अध्यक्षांपासून."

"मग पहिलीत कशाला? थेट दुसरीत घेऊ."

दुसरीत जागा होतीच. पहिलीतून तिथवर सहसा कुणी टिकत नाही.