चराच्या पलीकडं गेलेली सासू

सोमवारी सकाळी कमलम्मा धाकट्या सुनेकडं, आरतीकडं गेल्या, त्या मुक्कामाला म्हणून गेल्या नव्हत्या. धाकट्या मुलाचं, सोमेशचं घर गल्लीच्या पलीकडं, दारासमोर दार. आरतीनं धपाटे केले होते, तेवढे खाऊन जेवायच्या आत परत येते, असं थोरल्या सुनेला, मंजुषाला सांगून त्या काठी टेकत निघाल्या.

दहाच्या सुमारास महापालिकेचं जेसीबी आलं. लातूरच्या त्या गल्लीत भुयारी गटार होणार, वर सिमेंटचा रस्ता होणार, हे सगळे वर्षभर ऐकत होते, त्यामुळं कुणी मनावर घेतलं नव्हतं. दुपारपर्यंत दोन घरांच्या मधोमध पुरुषभर खोल चर पडला. नळाचा पाइप फुटून चिखल झाला. गल्लीच्या दोन्ही तोंडांना पत्रे लागले. कमलम्मांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला अजून वर्ष झालं नव्हतं.

"राहते की चार दिवस हितंच," त्या पलीकडच्या पायरीवरून म्हणाल्या.

त्या इतक्या सहज म्हणाल्या, हेच मंजुषाला लागलं. एकोणीस वर्षं सासू तिच्याजवळ होती. सोमेश वेगळा झाला तेव्हा, "मी मंजुषापाशीच राहणार," असं त्यांनी चार पाहुण्यांत सांगितलं होतं. मंजुषा ते वाक्य दागिन्यासारखं जपून होती.

चार दिवसांचे दहा झाले. पहिल्या दिवशी मंजुषानं बदलायला एक लुगडं पाठवलं होतं; पुढं सकाळी गोळ्या पाठवायची, संध्याकाळी पातळ भाकरी. कामावरचा मुकादम साहेबराव चरात उतरून पिशवी पलीकडं द्यायचा. भाकरी जायची, पण पलीकडून हसण्याचा आवाज यायचा. आपल्या घरात सासू अशी हसलेली मंजुषाला आठवेना.

"अगं, पलीकडंच तर हाय," नवरा शिवकुमार म्हणाला. "परदेशी गेली का?"

"तुम्हाला न्हाई कळायचं," ती म्हणाली.

अकराव्या दिवशी कमलम्मांनी हाक मारली. "मंजुषा, कपाटातली माझी चार लुगडी पाठव."

आणखी एक मागितलं असतं तर तिनं लगेच दिलं असतं. चार म्हणजे मुक्काम पक्का.

"धुवायला टाकलीत, आत्याबाई. वाळली की देते."

लुगडी कपाटात घडी घालून ठेवलेली होती. दुसऱ्या दिवशी साहेबरावानं पिशवी आहे का विचारलं, तर ती म्हणाली, उद्या. तिसऱ्या दिवशीही तेच. लुगड्यांवाचून अडलं की म्हातारी घराची वाट धरंल, असा तिचा हिशेब.

चौथ्या दिवशी ती दारात आली आणि जागीच थांबली. पलीकडच्या पायरीवर कमलम्मा आरतीचा फुलाफुलांचा गाऊन घालून बसल्या होत्या. कपाळावर विभूती, गळ्यात इष्टलिंग आणि अंगात गाऊन. पुढ्यात सुपात लसूण. आरती शेजारी बसून काहीतरी सांगत होती आणि दोघी हसत होत्या.

मंजुषानं लग्नानंतर एकदाच गाऊन घातला होता. "घरंदाज बाया असला झगा घालत न्हाईत," म्हणून सासू दोन दिवस तिच्याशी बोलली नव्हती.

तिनं चारी लुगडी पिशवीत कोंबली आणि साहेबरावाला म्हणाली, "फळ्या टाका. मला पलीकडं जायचंय."

"ताई, पडलात तर माझ्यावर येईल."

"येऊ द्या."

दोन फळ्यांवरून, खाली न बघता, ती पलीकडं गेली. तिचा चेहरा बघून आरती, "अक्का, चहा ठेवते," म्हणत आत गेली.

"वाळली का लुगडी?" कमलम्मांनी विचारलं.

मंजुषानं पिशवी त्यांच्यापुढं ठेवली. मग म्हणाली, "वाळलेलीच होती. मीच दिली न्हाईत."

"का गं?"

"तुम्ही हितं रमल्या म्हणून."

कमलम्मांनी हातातली पाकळी सोलून पुरी केली. "रमले, खोटं कशाला बोलू? तुझ्याकडं मी काही हातात घेतलं की तू वढून घेतीस. बसा, आत्याबाई, बसा. एकोणीस वर्षं बसूनच हाय मी. ह्या पोरीला धड फोडणी जमत न्हाई, तर दिवसभर मला विचारती."

सासूच्या हाताला काम लागू द्यायचं नाही, हाच मंजुषाचा तोरा होता. त्यातलं काही मोडल्यासारखं तिला वाटलं.

"घरी चला," ती कशीबशी म्हणाली.

"त्या फळ्यांवरून? मला मारायचं हाय का तुला? रस्ता झाल्यावर येते. पण आता पंधरा दिवस तिकडं, पंधरा दिवस हिकडं."

चहा न घेताच मंजुषा परतली.

महिनाभरानं रस्ता झाला. आरतीचा हात धरून कमलम्मा आल्या. मंजुषानं त्यांच्यापुढं मेथीची जुडी ठेवली. त्या एकेक पान खुडत तासभर बसल्या आणि मध्ये हात न घालता बघत राहणं तिला फार जड गेलं.

सोळाव्या दिवशी त्या पुन्हा पलीकडं गेल्या. मंजुषानं स्वतः पिशवी भरली आणि सोडायलाही गेली. परत आल्यावर मात्र तिनं गल्लीकडची खिडकी लावून घेतली. घटकाभरानं उठून तिनंच ती उघडली, आणि आरतीनं आज फोडणीचं काय विचारलं असेल, हे ऐकू येतंय का बघत उभी राहिली.