इथं म्हाळसा कुणी नाही

कालपर्यंत नवी डिस्क ‘डी’ होती.

एवढं ध्यानात धरून अनुपमा वडगाव रासाईतल्या सासरच्या घरी ओसरीवर लॅपटॉप मांडून बसली होती. तिकडं पुण्यात एका विमा कंपनीचा मेनफ्रेम, म्हणजे अवाढव्य संगणक, त्यावर लिनक्स ही प्रणाली, आणि त्यात दवाखान्यांत पडलेल्या हजारो माणसांची माहिती सांभाळणारं एक लॉजिकल व्हॉल्यूम. बांध काढून तीन वावरं एक करावीत, तसं. डिस्क वेगवेगळ्या, वापरायला रान एक. ते रान भरत आलं होतं. नवी डिस्क फॉरमॅट करून, म्हणजे कोरी पुसून, त्यात जोडायची. मशीन सकाळीच बंद करून पुन्हा चालू केलेलं. व्हॉल्यूम अजून सुरू केलं नव्हतं, त्यामुळे भलतीच डिस्क पुसली गेली तरी हटकणारं कुणी…

“ताई, म्हाळसाबाई इथंच ऱ्हात्यात का?”

दारात मोटारसायकल लावून एक माणूस उभा होता. रविराज नाव, दौंडहून आलेला.

“इथं म्हाळसा कुणी नाही.”

“न्हाई? तिसरं घर हाय हे.” तो घुटमळला. “आई लई आजारी हाय. एकच नाव घेती. नंबर ठिवतो, कळलं तर सांगा.”

तो गेला. अनुपमानं आज्ञा टाइप केली. फॉरमॅट. डी.

तिच्या सासूबाई, सोजराबाई, गोठ्यातून हात पुसत आल्या. “कोण हुतं गं?”

“घर चुकलेला माणूस. कुणा म्हाळसाला विचारत होता.”

सोजराबाईंचे हात पदरातच राहिले.

“मीच की गं म्हाळसा.”

लग्नात नवऱ्यानं ताटातल्या तांदळात अंगठीनं ‘सोजरा’ लिहिलं, आणि म्हाळसा तिथंच राहिली. ते नाव घेणारी एकच उरली होती, माहेरच्या गल्लीतली मैत्रीण गिताबाई, दौंडला दिलेली. सोजरा कोण, ते तिला ठाऊकच नव्हतं. अनुपमाच्या लग्नात सोजराबाईंनी तांदळाचं ताट मांडू दिलं नव्हतं. का, ते कुणी विचारलं नाही.

अनुपमानं फोन लावला. रविराज वाटेतच थांबला. “बिगी या,” म्हणाला, “आईचं काय खरं न्हाई.”

“आई, लुगडं बदला. एवढं एक बटण दाबते, निघू.”

“दाब.” सोजराबाई खुंटीवरची पिशवी काढत होत्या. “दारात यिऊन माझंच नाव घेतलं, आन् माझ्याच घरानं न्हाई म्हणून सांगितलं. तुझा काय दोष? ज्या रांगंत बसवलं, त्या रांगंचं नाव.”

बोट बटणावर.

ज्या रांगेत बसवलं.

बोट उचललं.

मशीन दर वेळी उठताना डिस्कची नव्यानं हजेरी घेतं. पत्त्यांच्या क्रमानं सापडतील तशी नावं देतं: ए, बी, सी, डी. डिस्कचा मूळ पत्ता तेवढा बदलत नाही. अनुपमानं पत्ते मागवले. नव्या डिस्कचा पत्ता जुन्या तिसऱ्या डिस्कच्या आधीचा निघाला. काल चालू मशीनमध्ये ती शेवटी आली म्हणून डी. सकाळच्या हजेरीत ती मध्ये बसली, सी झाली. आणि डी आता…

जुनी. माहितीनं भरलेली.

तिनं ओळ खोडली. ऑफिसातल्या स्वप्नालीला फोन केला. “काम थांबवलंय. डी आता ती डी नाही. संध्याकाळी पत्त्यानं करू, नावानं नको.”

“अगं, पण तूच डी लिहून दिलंयस.”

“ते काल.”

दोघी नदीवरचा पूल ओलांडून दौंडला पोचल्या.

घरात गिताबाई डोळे मिटून पडलेल्या. सोजराबाई उशाशी टेकल्या. “गिते, मी आलेय. सोज…” संसारभराची सवय. गिताबाई हलल्या नाहीत.

अनुपमा वाकली, कानाशी गेली.

“मावशी, म्हाळसा आलीय.”

गिताबाईंची बोटं चादरीवर चाचपू लागली.