पैंजणांची तार

मी एक जुनी तार आहे, मित्रांनो. कपडे वाळत घालायची नव्हे हं! मी वरून चांदीची आहे, पण माझ्या पोटात काळी भुकटी आहे. गोठवणाऱ्या थंडीत माझ्यातून वीज कुठेही न अडता धावते. अशा तारेला अतिवाहक म्हणतात.

आधी मी जळगावच्या कुंदाबाईंच्या पायातले पैंजण होते. त्यांचे यजमान कौतिक सर कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत. १९८९ साली त्यांनी अशी तार बनवण्याच्या प्रयोगासाठी ते पैंजणच मागितले! "तार चालली नाही, तर हिला वितळवून माझे पैंजण परत करायचे," कुंदाबाईंनी बजावलं.

अमीनभाई कारागिरांनी पैंजणांची नळी केली आणि सरांनी तीत भुकटी ठासून भरली. मग पोलादी पट्टीच्या लहान लहान होत जाणाऱ्या भोकांतून ओढून ओढून अमीनभाईंनी मला सुतळीएवढी बारीक केली आणि पेन्सिलीवर गुंडाळली. भट्टीत जाण्याआधीच गुंडाळावं लागतं, कारण भाजल्यावर आतली भुकटी कपबशीसारखी ठिसूळ होते.

नऊशे अंशांवर मी लालबुंद झाले. सरांना कुठला धीर! चिमट्याने त्यांनी मला तशीच बाहेर ओढली. गार झाल्यावर गुरांच्या दवाखान्यातून आणलेल्या अतिथंड द्रव नायट्रोजनमध्ये बुडवली. विजेचा अडथळा मोजणाऱ्या मीटरचा काटा शून्यावर यायला हवा होता. तो आलाच नाही.

"वहिनी, पैंजण घडवायला घेऊ का?" अमीनभाई हसले.

कुंदाबाईंनी मला निरखून पाहिलं. "अहो, भट्टीतच किती वेळ निवू दिली?"

"निवू कशाला द्यायची?"

"कमाल शे तुमनी! कणकेची बट्टी निखाऱ्यावरून घाईनं काढली की पोटात कच्ची राहते. गरम राखेत मुरू द्यावी लागते तिला."

सर ताडकन उठले. "मुरू द्यायची! अहो, निवतानाच तर ही ऑक्सिजन पिते!"

वेल्डिंगवाल्याकडून ऑक्सिजनचा सिलिंडर आला. मला पुन्हा तापवलं, पण आता ऑक्सिजनच्या झुळकीत आच दिवसभर थोडी थोडी उतरवली. कुंदाबाई भट्टीपासून हलल्या नाहीत.

पुन्हा नायट्रोजन. काटा थरथरला, घसरला...

"शून्य! वहिनी, शून्य!" अमीनभाई नाचायलाच लागले.

"मग, पैंजण?" सरांनी हळूच विचारलं.

"हिला हात तर लावून पाहा!" कुंदाबाई म्हणाल्या.

आता मी कॉलेजच्या कपाटात असते. माझं वेटोळं पाहून मुलांचे हात शिवशिवतात. मित्रांनो, वाकडी दिसते म्हणून मला सरळ करायला जाऊ नका. वरून चांदी तशीच चमकेल, पण आतून मी तुटलेली असेन, आणि ते तुम्हाला दिसणारसुद्धा नाही.